माती आणि वंश : साष्टीतील नागरिकत्वाचा इतिहास

मूल जन्माला येताच ते कोणत्या राज्याचे, हे ठरवण्याच्या कसोट्या जगभरच्या कायद्यांत मुख्यतः दोनच आहेत. मूल कोणत्या भूमीवर जन्मले हे पाहणाऱ्या कसोटीला लॅटिन कायदेपरिभाषेत 'जुस सोली', म्हणजे भूमीचा हक्क, असे नाव आहे. ते कोणाच्या पोटी जन्मले हे पाहणाऱ्या कसोटीला 'जुस सांग्विनिस', म्हणजे रक्ताचा हक्क, असे म्हणतात. मराठीत पहिलीला जन्मभूमितत्त्व आणि दुसरीला वंशतत्त्व म्हणणे सोयीचे आहे. इंग्लंडमध्ये १६०८ साली कॅल्विन खटल्यात, राजाच्या मुलखात जन्मलेला तो राजाचा प्रजाजन, हे सूत्र पक्के झाले आणि इंग्लिश सत्तेबरोबर ते समुद्रापार गेले. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने वडिलांच्या राष्ट्रीयत्वाला महत्त्व दिले आणि तिच्या प्रभावाखालील अनेक युरोपीय देशांनी कमीअधिक प्रमाणात तीच वाट धरली. अमेरिकेने गुलामगिरी संपल्यावर, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने, जन्मभूमितत्त्व थेट आपल्या राज्यघटनेत नोंदवले. मुंबईची आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथे ही दोन्ही तत्त्वे गेली साडेतीन शतके एकमेकांशेजारी वावरली, अधूनमधून एकमेकांना भिडली आणि शेवटी एकाच भारतीय कायद्यात येऊन मिळाली.

वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १६६१ मध्ये इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला, त्यातून मुंबई बेट इंग्रजांना मिळाले आणि साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. या करारात मुंबई बेटावरील रहिवाशांना तेथेच राहण्याची आणि आपला रोमन कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक होती. फक्त त्यांचा राजा बदलणार होता. राजाने २७ मार्च १६६८ च्या सनदेने हे बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच सनदेतील दुसऱ्या एका तरतुदीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बेटावर राहणारे राजाचे प्रजाजन आणि बेटाच्या हद्दीत जन्माला येणारी त्यांची मुलेबाळे यांना, ती जणू इंग्लंडातच जन्मली असावीत असे समजून, नैसर्गिक प्रजाजनांचे सर्व हक्क मिळतील, असे त्या सनदेत म्हटले होते. इंग्रजांच्या इतर वसाहतींच्या सनदांतही अशी वाक्ये असत आणि प्रत्यक्ष व्यवहारात गोरा व काळा हा भेद त्यांमुळे मिटला नाही, हे मान्य करूनही या तरतुदीचे महत्त्व उरतेच, कारण जन्माच्या जागेवरून राजनिष्ठा आणि हक्क ठरवण्याचा नियम या किनाऱ्यावर लेखी स्वरूपात आला तो येथे. माहीमच्या खाडीच्या अलीकडे जन्मलेले मूल इंग्लंडच्या राजाचे आणि पलीकडे वांद्र्याला जन्मलेले मूल पोर्तुगालच्या राजाचे, अशी स्थिती त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे होती. खाडीच्या दोन्ही तीरांवर कोळी, भंडारी, कुणबी, आगरी अशा त्याच जातींची माणसे मराठीच्या त्याच बोली बोलत होती.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व साष्टी आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई घेतली, तेव्हा हा भेद काही काळ निरर्थक झाला. पेशवाईच्या व्यवहारात माणसाचे स्थान तो कोणत्या गावचा, कोणत्या वतनाचा आणि कोणाकडे सारा भरणारा, यावरून ठरे. जन्मभूमी आणि वंश ही दोन्ही वतनाच्या कल्पनेत एकजीव झालेली होती. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी बळकावली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली आणि खाडीपलीकडच्या गावांनाही हळूहळू इंग्लिश कायद्याचा नियम लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मलेला तो ब्रिटिश प्रजाजन. संस्थानी मुलखात जन्मलेला मात्र तसा नव्हे. संस्थानिकाच्या प्रजेला ब्रिटिश कायद्यात 'संरक्षित व्यक्ती' असे वेगळे, दुय्यम स्थान होते. घाटकोपर आणि मुलुंड या भागांत पुढे मोठ्या संख्येने स्थायिक झालेला कच्छी समाज ज्या कच्छमधून आला ते संस्थान होते. तेव्हा कच्छमध्ये जन्मलेला बाप संरक्षित व्यक्ती आणि घाटकोपरला जन्मलेला त्याचा मुलगा ब्रिटिश प्रजाजन, असे एकाच घरात घडे. दैनंदिन आयुष्यात याने काही बिघडत नसे; परदेशी जाताना पारपत्र काढायची वेळ आली की फरक समोर येई.

खरा पेच निर्माण झाला तो ख्रिस्ती समाजात. मरोळ, कोंडिविटा, चकाला, सहार, आंबोली, वर्सोवा, एक्सर, गोराई या गावठाणांतील कॅथलिक कुटुंबे पोर्तुगीज अमदानीत धर्मांतरित झालेली, पण इथल्याच मातीतली. आज सीप्झच्या आवारात ज्याचे अवशेष उभे आहेत ते सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ मध्ये बांधले गेले आणि १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे वस्ती हलली तेव्हा ते ओस पडले. अशा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपित्याचे व धर्ममातेचे नाव, गाव आणि तारीख यांची नोंद असे. सरकारी जन्मनोंदणी सुरू होण्याच्या फार पूर्वीपासून माणसाची जन्मभूमी आणि वंश या दोहोंची साक्ष देणारा साष्टीतील हा बहुधा सर्वांत सलग चालत आलेला लेखी पुरावा होय.

या वह्या ज्या चर्चव्यवस्थेत लिहिल्या जात ती स्वतःच दोन निष्ठांत विभागलेली होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर मिळालेल्या आश्रयाधिकाराला 'पाद्रुआदो' म्हणत आणि रोमने थेट नेमलेल्या धर्मगुरूंच्या व्यवस्थेला 'प्रोपागांदा'. मुंबई बेटावरील चर्चे १७९४ पासून या दोन अधिकारांत वाटली गेली. साष्टीतील अनेक चर्चे मात्र गोव्याच्या आर्चबिशपकडे आणि १८८६ नंतर पाद्रुआदोच्या दमण धर्मप्रांताकडे राहिली. इंग्रजांचे राज्य स्थिर होऊन शतक लोटले तरी मरोळच्या किंवा आंबोलीच्या शेतकऱ्याचा देऊळधर्म पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखाली चालू होता. गोव्याहून आलेले पाद्री, गोव्याहून नोकरीसाठी आलेले खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री, कारकून आणि इथले मूळ रहिवासी हे सगळे एकाच चर्चमध्ये बसत; त्यांची आडनावेही डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज अशी सारखीच होती. सरकारी कागदपत्रांत साष्टीच्या ख्रिस्ती माणसालाही सर्रास 'पोर्तुगीज' म्हटले जाई. ज्या माणसाच्या घराण्याचा पोर्तुगीज राज्याशी संबंध १७३९ मध्येच संपला होता, त्याच्यासाठी ही केवळ नावाची गफलत नव्हती. रेल्वेतील व सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी गोवेकर आणि मंगळूरकर उमेदवारांशी स्पर्धा वाढू लागली तेव्हा तिची झळ पोटापर्यंत पोहोचली.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ मध्ये साजरा झाला, त्या निमित्ताने या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव जाणीवपूर्वक स्वीकारले आणि त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. कंपनीच्या नावाशी जुळणारे हे नाव घेण्यात राजनिष्ठेचे प्रदर्शन होते, आणि राष्ट्रवादी दृष्टीने पाहणाऱ्या वाचकाला ते खटकू शकते. तरी त्यामागील युक्तिवाद नीट पाहिला पाहिजे. आपण पश्चिम हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेचे सर्वांत जुने कॅथलिक प्रजाजन आहोत, आपली आडनावे परकी वाटली तरी आपली माती परकी नाही, असे हा समाज सांगत होता. नावावरून आणि धर्मावरून बांधलेल्या वंशाच्या अंदाजाविरुद्ध जन्मभूमीचा दावा संघटितपणे मांडण्याचे साष्टीतील हे पहिले ठळक उदाहरण मानावे लागेल, आणि ते मांडणारी माणसे प्रामुख्याने गावठाणांतून आलेली होती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

गोवेकरांची बाजू याच्या नेमकी उलट होती. पोर्तुगालच्या १८२६ च्या घटनात्मक सनदेनुसार पोर्तुगीज मुलखात जन्मलेला माणूस पोर्तुगीज नागरिक असे आणि १८७० पासून गोव्यात लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेत परदेशी जन्मलेल्या पोर्तुगीज पित्याच्या अपत्यालाही, राज्यात वास्तव्य करून किंवा तशी इच्छा जाहीर करून, तेच नागरिकत्व घेता येत असे. त्यामुळे अंधेरीला जन्मलेले गोवेकर दांपत्याचे मूल जन्मभूमितत्त्वाने ब्रिटिश आणि वंशतत्त्वाने पोर्तुगीज ठरण्यास पात्र होते. एकाच मुलावर दोन राज्यांचा असा दावा येतो त्याला कायद्यात दुहेरी राष्ट्रीयत्व म्हणतात. ते कोणाच्या कुटिलपणामुळे निर्माण होत नाही. दोन देशांनी दोन भिन्न कसोट्या वापरल्या की ते आपोआप उद्भवते.

राष्ट्रीयत्वाचा हा हिशेब चर्चच्या सर्वोच्च पदापर्यंत गेला. १९२८ च्या करारान्वये मुंबईतील दुहेरी धर्माधिकार संपला, साष्टीतील चर्चे मुंबईच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत आली आणि त्या पदावर आळीपाळीने एक पोर्तुगीज व एक ब्रिटिश व्यक्ती नेमावी असे ठरले. जोआकिम लिमा हे पोर्तुगीज आर्चबिशप झाले, त्यांच्यानंतर १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज आले. या योजनेत भारतीय माणसाला भारतीय म्हणून जागाच नव्हती. रॉबर्ट्स यांनी आपण होऊन बाजूला सरण्याची तयारी दाखवली, पोर्तुगालने १९५० मध्ये आपला हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. ग्रेशियस यांचा जन्म १९०० सालचा, कराचीचा. आईवडील मूळचे गोव्याचे. आयुष्याची कर्मभूमी मुंबई. त्यांचा जन्म झाला तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती, कारण सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. १९५० साली मात्र त्यांची जन्मभूमी पाकिस्तानात आणि आईवडिलांची जन्मभूमी पोर्तुगालच्या ताब्यात होती. केवळ माती पाहिली असती किंवा केवळ वंश पाहिला असता तर भारताच्या पहिल्या कार्डिनलचे भारतीयत्व अडचणीत आले असते.

अशा माणसांची सोय राज्यघटनेने केली होती, आणि ती विचारपूर्वक केली होती. पाचव्या अनुच्छेदाने भारतात अधिवास, म्हणजे कायमचे घर करण्याच्या इराद्याने असलेले वास्तव्य, ही पायाभूत अट ठेवली आणि तिच्यासोबत तीन पर्याय दिले : स्वतःचा जन्म भारताच्या प्रदेशात, किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म भारताच्या प्रदेशात, किंवा घटनेच्या प्रारंभापूर्वी किमान पाच वर्षांचे सर्वसाधारण वास्तव्य. तिसरा पर्याय नसता तर मुंबईत आयुष्य घालवलेले हजारो गोवेकर परके ठरले असते. नागरिकत्वाचे अनुच्छेद इतके निकडीचे मानले गेले की बहुतांश घटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली तरी हे अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आले.

संविधान सभेतील या विषयावरील वादाला मराठी वाचकाने आवर्जून लक्ष द्यावे असे एक अंग आहे. सरदार पटेलांनी एप्रिल १९४७ मध्येच जन्मभूमितत्त्वाची बाजू उदार दृष्टीने मांडली होती. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तेथील नागरिकत्व मागतो, तर आपल्या घरी संकुचित नियम करणे शोभत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ऑगस्ट १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मसुदा सादर केला तेव्हा त्याला सर्वांत जोरदार विरोध विदर्भाच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी केला. त्यांच्या मते हा मसुदा भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त करणारा होता. मुंबई बंदरात काही तास थांबलेल्या परदेशी दांपत्याला तेथे मूल झाले तर तेही भारतीय ठरेल, असे उदाहरण त्यांनी दिले. त्यांची पर्यायी सूचना मात्र धर्माची होती : दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कोणताही हिंदू किंवा शीख, तो जगात कुठेही राहो, भारताचा नागरिक व्हावा. सभेने ती नाकारली. देशमुखांचे बहुजनशिक्षणातील आणि शेतीविषयक कार्य थोर आहे, पण या प्रश्नावर सभेचा निर्णय अधिक न्याय्य होता, कारण साष्टीसारख्या भूमीवर माणसाच्या धर्मावरून त्याची माती ओळखता येत नाही, हे १८८७ मध्येच दिसून आले होते.

फाळणीने उपनगरांत वंशतत्त्वाचा एक वेगळाच अवतार आणला. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मुंबई सरकारने मुलुंड, चेंबूर, शीव कोळीवाडा, ठाणे आणि कल्याण येथील छावण्यांत आसरा दिला. मुलुंड कॉलनी आणि चेंबूर कॅम्प ही नावे अजूनही त्या काळाची खूण सांगतात. या लोकांसाठी सहावा अनुच्छेद होता. पाकिस्तानातून आलेली व्यक्ती स्वतः, किंवा तिचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणीही एक, १९३५ च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे जो हिंदुस्थान होता त्यात जन्मलेले असावे, ही त्याची मुख्य अट. हैदराबाद सिंध, शिकारपूर, लारकाना ही जन्मगावे नव्या भारतात नव्हती, पण जुन्या हिंदुस्थानात होती, म्हणून अस्तित्वात न उरलेल्या एका देशाची माती घटनेने पुरावा म्हणून स्वीकारली. १९ जुलै १९४८ ही परवानापद्धती सुरू झाल्याची तारीख सीमारेषा ठरली : तिच्या आधी आलेल्याला केवळ वास्तव्य पुरेसे होते, नंतर आलेल्याला सहा महिने राहून अधिकाऱ्यापुढे नोंदणी करावी लागे. निर्वासितांच्या हाती जन्माचे दाखले क्वचितच असत. घर, दुकान, शाळा सर्व मागे राहिले होते. अशा माणसांकडून कागदाऐवजी अर्ज आणि वास्तव्य मान्य करणारी ती तरतूद त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या माणुसकीची साक्ष देते.

संसदेने ३० डिसेंबर १९५५ रोजी नागरिकत्व अधिनियम संमत केला आणि त्याच्या तिसऱ्या कलमाने जन्मभूमितत्त्व जवळजवळ निर्भेळ स्वरूपात आणले. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारतात जन्मलेले मूल भारतीय. परकीय राजदूतांची मुले आणि शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात जन्मलेली शत्रुपित्याची मुले एवढेच अपवाद. परदेशी जन्मलेल्या अपत्यासाठी वंशतत्त्व होते, पण ते फक्त पित्याकडून चाले. बोरिवलीत वाढलेल्या मुलीने परदेशी माणसाशी लग्न केले आणि तिचे मूल परदेशात जन्मले, तर तिचे भारतीयत्व त्या मुलाला मिळत नसे. हा अन्याय दूर व्हायला १९९२ ची दुरुस्ती यावी लागली.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि २८ मार्च १९६२ च्या आदेशाने केंद्र सरकारने गोवा, दमण व दीव येथील नागरिकत्वाचा प्रश्न सोडवला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले होते, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एक महिन्यात तसे लेखी कळवायचे होते. जन्मभूमी आणि तीन पिढ्यांचा वंश यांची इतकी उदार सांगड भारतीय कायद्यात क्वचितच आढळते. ज्यांनी पोर्तुगीज राहणे पसंत केले त्यांत एक धर्मगुरू, मॉन्सिन्योर सेबास्तियाव मोंतेरो, होते. मुदत संपूनही ते गोव्यातच राहिले म्हणून त्यांच्यावर परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. गोव्यातच जन्मलेला माणूस गोव्यात परका ठरू शकतो, असा त्या निकालाचा परिणाम होता, कारण जन्मभूमीने दिलेला हक्क त्याने स्वतः नाकारला होता.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले, पण १९७५ च्या आपल्या कायद्याने मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्वही मान्य ठेवले, आणि त्यांची मुले व नातवंडे वंशतत्त्वाने लिस्बनमध्ये नोंद करून घेऊ लागली. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत या नोंदीचे मोल फार होते, कारण पोर्तुगीज पारपत्रावर लंडनमध्ये नोकरी करता येई. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे परकी पारपत्र घेताच भारतीयत्व संपते. केवळ जन्मनोंद झाली तर काय, यावर गोव्यात दीर्घकाळ वाद चालला. उपनगरांत या साऱ्याचा परिणाम डोळ्यांत भरणारा आहे. अंधेरीच्या एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला येणाऱ्या दोन परेरा कुटुंबांपैकी ज्याचे आजोबा १९३० साली म्हापशाला जन्मले त्याला युरोपचे दार उघडते, आणि ज्याचे आजोबा मरोळला जन्मले त्याला ते बंद असते. दोघांचे पूर्वज एकेकाळी त्याच राजाचे प्रजाजन होते. फरक १७३९ आणि १९६१ या दोन सालांचा आहे.

यानंतरचा भारतीय कायद्याचा प्रवास मातीकडून वंशाकडे झाला. १९८६ च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या मुलासाठी आईवडिलांपैकी किमान एक भारतीय असण्याची अट घातली. २००३ च्या दुरुस्तीने ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित, म्हणजे वैध कागदपत्रांशिवाय आलेला किंवा मुदतीपेक्षा अधिक राहिलेला परकीय, नसावा असे ठरवले. शेजारच्या देशांतून होणारे चोरटे स्थलांतर हे यामागील कारण होते आणि ते काल्पनिक नव्हते. ब्रिटनने १९८३ पासून आणि आयर्लंडने २००४ च्या सार्वमतानंतर जन्मभूमितत्त्वाला अशाच मर्यादा घातल्या. तरीही या बदलाचा एक परिणाम पुरेसा चर्चिला गेलेला नाही. जुन्या नियमात माणसाला फक्त स्वतःच्या जन्माचा पुरावा लागे. नव्या नियमात त्याला आईबापांचे नागरिकत्वही दाखवावे लागते, आणि ते दाखवताना त्यांच्या जन्मकाळी लागू असलेला नियम पाहावा लागतो. वंशतत्त्वाचा खरा भार मागच्या पिढीच्या कागदांवर पडतो, आणि कागद जपण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते.

उपनगरांतील कागदांची कथा येथे पाहणे भाग आहे. आज ज्याला मुंबई म्हणतात त्याचा मोठा भाग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महानगरपालिकेच्या बाहेर होता. अंधेरी, घाटकोपर हे भाग १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड हे १९५७ मध्ये पालिकेच्या हद्दीत आले. त्याआधीच्या जन्मनोंदी गावच्या नोंदवह्यांत किंवा लहान नगरपालिकांच्या दप्तरांत विखुरल्या. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. तोवर घरी, सुईणीच्या हातून झालेल्या बाळंतपणांची नोंद बहुतेक वेळा होतच नसे. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. गिरणीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्याची बायको रत्नागिरीला, साताऱ्याला जाई. मूल तेथे जन्मे, महिन्या-दोन महिन्यांत घाटकोपरच्या चाळीत येई आणि शाळेत नाव घालताना जन्मतारीख मास्तर अंदाजाने, बऱ्याचदा जून महिन्याची, लिहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील 'जन्मस्थळ' हा रकाना त्या पिढीच्या कित्येक माणसांचा आपल्या जन्मभूमीविषयीचा एकमेव लेखी पुरावा आहे.

हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबई आणि दिल्ली येथील अनेक मतदारांना, प्रामुख्याने गरीब वस्त्यांतील मुसलमानांना, नागरिकत्व सिद्ध करण्याच्या नोटिसा मिळाल्या आणि मुंबईत जन्मदाखला, पारपत्र, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र अशी मोजकीच कागदपत्रे ग्राह्य धरली गेली. लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ती कारवाई रद्द केली. ज्याचे नाव आधीच्या यादीत रीतसर आले आहे त्याच्या बाजूने गृहीतक धरले पाहिजे आणि तो देईल तो सर्व पुरावा पाहिला पाहिजे, असे बजावले. आता स्थिती अधिक कडक झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असणे म्हणजे नागरिक असणे नव्हे, ते १९५५ च्या कायद्यानेच ठरते, असे स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण मग तो कायदा मागतो तो पुरावा कोणता, हे सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही.

महाराष्ट्रात 'वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व' असे तिहेरी नाव असलेले एक प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळते. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात आणि त्या तालुक्याचे तहसील कार्यालय मुलुंडला आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की विद्यार्थी आणि पालक तेथे रांगा लावतात, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे, शाळेचा दाखला, वडिलांचे शिधापत्रक जोडतात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी लागणारा हा कागद पुष्कळांना आपल्या नागरिकत्वाचा अंतिम पुरावा वाटतो. त्यात राष्ट्रीयत्व हा शब्द असला तरी ते नागरिकत्व बहाल करत नाही. जन्माने जे नागरिकत्व मिळते त्यासाठी भारतात स्वतंत्र प्रमाणपत्र देण्याची सर्वसाधारण व्यवस्थाच नाही.

याच उपनगरांतील नव्या पिढीची काही मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जन्मतात आणि अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीने, १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यातील निकालाच्या आधाराने, अमेरिकन नागरिक होतात. अशा मुलाला भारतीय नागरिकत्व हवे असेल तर परके पारपत्र न घेता एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. बहुतेक कुटुंबे तसे न करता समुद्रपार भारतीय नागरिक असे कार्ड काढतात, जे नावाने नागरिकत्व असले तरी मताचा हक्क देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांच्या मुलांचा जन्मसिद्ध हक्क नाकारणारा आदेश काढला, तेव्हा मुलुंड-बोरिवलीतील कित्येक आजीआजोबांना जन्मभूमितत्त्व म्हणजे काय ते पहिल्यांदा उमगले. भारताने हेच तत्त्व १९८७ मध्ये सोडले तेव्हा त्या घरांत त्याची चर्चाही झाली नव्हती.

जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच जन्माच्या तारखेचा आणि जागेचा पुरावा ठरवला आहे; शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र यांसाठी तोच लागेल. अंधेरीच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या या प्रमाणपत्रावर बाळाचे नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मसमयीचा आणि कायमचा पत्ता एवढे तपशील छापलेले असतात. आईवडिलांच्या नागरिकत्वाचा रकाना त्यावर नाही, आणि २००४ नंतरच्या नियमाप्रमाणे बाळाचे नागरिकत्व ठरते ते त्याच माहितीवर.